सुमनताईंची सही

चिंचवडच्या एका कारखान्यात सुमनताई कांबळे टेलिफोन बोर्डावर बसायच्या. बाई कुणाच्या बापाला भीत नसत. शहात्तर साली, वीज गेली तरी फोन चालावेत म्हणून बोर्डाला बॅटऱ्या घ्यायचं ठरलं. ताईंनी दोन लहान, पण नव्या मागितल्या. साहेबांनी ट्रकमधून उतरवलेल्या दोन जुन्या, भल्याथोरल्या आणल्या, त्यांच्यावर दहा मिनिटं बोर्ड चालवला आणि 'चाचणी पास' असा कागद पुढे सरकवला. "करा सही, बाई."

"आकार बघून भोपळा घ्यावा, साहेब. सही शुक्रवारी करते."

मध्ये गुरुवार होता. त्या दिवशी सगळ्या औद्योगिक पट्ट्याची वीज बंद, कारखान्याला सुट्टी. ताई डबा घेऊन एकट्याच बोर्डाशी बसल्या आणि दर पंधरा मिनिटांनी गेटवरच्या वॉचमनला फोन लावत राहिल्या. दीड तासात बोर्ड मेला.

शुक्रवारी त्यांनी 'पास' खोडून 'दीड तास' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली.

साहेब भडकले. "बोर्ड मेला, तर तेव्हाच मला घरी फोन का नाही केलात?"

ताईंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"कशावरनं करणार होते, साहेब?"