भावाची रेकॉर्ड ऐकायला बेलापूरपर्यंत

लोक लडाखचे फोटो टाकतात, मी सानपाडा ते सीबीडी बेलापूर लिहितेय. हसू नका. धाकट्या भावाची, निखिलची पहिली रेकॉर्ड ऐकायची होती आणि आमच्या अख्ख्या सोसायटीत रेकॉर्ड प्लेयर नाही.

निख्या जर्मनीत टेक्नो, म्हणजे यंत्रांवरचं ठेक्याचं संगीत, बनवतो. जुनी यंत्रं, थेट टेपवर रेकॉर्डिंग, खरखर तशीच ठेवलेली. “ऑनलाइन टाकणार नाही, ताई. ऐकायचं तर तबकडीवर,” हा त्याचा हट्ट. तीन वर्षं घरी आलेला नाही. फोनवर “बरंय, कामात आहे” यापलीकडे गाडी जात नाही. त्याला आमची आठवण येते का, एवढंच मला हवं होतं. विचारायचा धीर होत नव्हता, आणि रेकॉर्डच्या पार्सलमध्ये मेल्याने साधी चिठ्ठीही घातली नव्हती.

रविवारी सकाळी पाम बीच रोडची बस पकडली. तुम्हीही जाल तर उजवीकडे बसा. खाडी दिसते आणि ऊन लागत नाही. तबकडी तापली की वाकते. तिकीट किरकोळ.

“मॅडम, आरसा हाय का? नीट धरा,” कंडक्टर म्हणाला.

“गाण्यांची रेकॉर्ड आहे.”

“मग मांडीवर घ्या.”

तिवरांच्या कडेने बस पळत होती. निख्या असता तर या खिडकीसाठी भांडला असता. फार आठवण आली त्याची.

बेलापूरला जाधवकाका-काकू राहतात, आमचे जुने शेजारी, मूळचे साताऱ्याचे. काकूंनी आधी थालीपीठ आणि लोणी पुढे केलं. काकांनी भावगीतांच्या रेकॉर्डी बाजूला सारून निख्याची लावली. मोठी तबकडी म्हणजे तेहतीसचा वेग, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता.

धप्प... धप्प... खरखर. मधेच तळघरातून कुणी बाप्या बोलल्यासारखा घुमायचा; शब्द लागत नव्हते.

“पोरगं आजारी-बिजारी न्हाई ना?” काकांनी हळूच विचारलं.

मला रडू यायला लागलं. इतकं परकं वाटलं ते सगळं. एवढ्या लांब जाऊन हे करतो, आणि यात आमचं काहीच नाही.

काकू कव्हर न्याहाळत होत्या. “अहो, हितं पंचेचाळीस छापलंय की.”

मला तो कसलासा नंबर वाटला होता. काका ओशाळले, त्यांनी वेगाचा खटका पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

आता ठेका धावायला लागला. आणि तो बाप्या बाईच्या आवाजात बोलू लागला. “जेवलास का? जेवलास का?”

“अगं, ही तर तू,” काकू म्हणाल्या.

स्वतःचा आवाज पटकन ओळखू येत नाही. ते माझेच व्हॉइस मेसेज होते, तो नुकता गेला तेव्हाचे. एकाचंही उत्तर यायचं नाही. आपली कटकट होते समजून मी ते बंद केले होते. याने सगळे जपून ठेवले होते, आणि तुकडे करून अख्ख्या बाजूभर पेरले होते. मी पदराने डोळे पुसत तिथेच बसून राहिले. काका पुन्हा पुन्हा लावत गेले.

परतीचा रस्ता कसा संपला ते विचारू नका, खाडीकडे लक्षच नव्हतं. घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी फोन लावला.

“ऐकलंस?” त्याने विचारलं.

“ऐकलं. जेवलास का?”

तो म्हणाला, “नाही गं ताई. इथे कुणी विचारतच नाही.”