खुर्चीचे मत

माझा मुलगा यंदा इथल्या कॉलेजच्या युनियनचा सेक्रेटरी झाला. जेवताना त्याने ही बातमी सांगितली, तेव्हा मी त्याला एवढेच विचारले, "मतं मोजणारा स्वतः मत देतो ना तुमच्यात?" "म्हणजे?" तो म्हणाला. बायकोला हसू आवरेना. तिने ती हकिकत ऐकलेली आहे, त्याने ऐकलेली नाही. म्हणून लिहून काढतो.

आमच्या वेळी सोलापुरात कॉलेज नव्हते. मॅट्रिक झालेला मुलगा पुण्याला नाहीतर सांगलीला जाई, आणि न झालेला गिरणीत किंवा कचेरीत. पण मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची असे, त्यामुळे हायस्कुलात असतानाच आम्ही स्वतःला विद्यापीठाचे विद्यार्थी समजत असू. पुण्याला शिकणाऱ्या काही मुलांनी एका मे महिन्यात गावी येऊन विद्यार्थी संघ काढला. येताना त्यांनी आपल्या कॉलेजच्या युनियनचे नियम उतरवून आणले होते. जूनमध्ये ती मंडळी परत गेली. नियम आणि संघ आमच्याकडे राहिला. पहिले अध्यक्ष बी.ए.च्या वर्गातले, दुसरे इंटरचे, आणि ते दोघे पुण्याला गेल्यावर तिसरा आमच्याच मॅट्रिकच्या वर्गातला. सेक्रेटरी मी. मला भाषण येत नव्हते, पण हिशेब आणि मोजणी चोख होती, एवढ्यावर माझी निवड झाली.

तिसरा अध्यक्ष माझा जवळचा मित्र. घर विणकरांच्या पेठेत, घरची भाषा तेलुगू, वडिलांचे दोन हातमाग. त्याला शाळेत नादारी होती, म्हणजे फी माफ. ती नसती तर तो इंग्रजी चौथीतच मागावर बसला असता, हे तो स्वतःच सांगे. आवाज शांत, आणि दोघे भांडत असले की दोघांनाही तो आपल्या बाजूचा वाटे. म्हणून मुलांनी त्याला अध्यक्ष केले.

तो आधी तयार नव्हता. शहरात लष्करी कायदा येऊन गेल्यानंतरचे ते दिवस. शाळा कशाला घाबरेल ते सांगता येत नसे. मग त्याने नियम वाचले. त्यात होते की अध्यक्षाने मत देऊ नये. दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच द्यावे, आणि तेव्हा ते दिलेच पाहिजे. पहिला अर्धा भाग वाचून त्याला धीर आला. मी त्याच्या घरी होतो तेव्हा त्याने वडिलांना समजावले, "नायना, खुर्चीला मत नसतं. मी नुसता बसणार." वडिलांनी माग थांबवून विचारले, "बसायला काय देतेत?" "काही नाही." "मग बस," असे म्हणून त्यांनी पुन्हा धोटा फेकला.

पावसाळा संपता संपता टोपीचे प्रकरण निघाले. शाळेत काळी टोपी घालून यायचे असा दंडक होता. सहावीतला एक मुलगा, माझ्या मित्राच्याच बोळातला, खादीची पांढरी टोपी घालून आला. मास्तरांनी काढ म्हटले, त्याने काढली नाही. हेडमास्तरांनी त्याला सांगितले की, माफी लिहून दिल्याशिवाय वर्गात यायचे नाही. तो रोज येई आणि फाटकाशी उभा राही.

जेऊरचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. बोर्डिंगमध्ये राहायचा, आवाज मोकळ्या रानातला. त्याने ठराव दिला: टोपीवाल्याला आत घेईपर्यंत सगळ्यांनी वर्गाबाहेर राहावे. हरताळच तो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सभा ठरली. शाळेने हॉल दिला नाही, म्हणून एका धर्मशाळेच्या पडवीत जाजम घातले.

त्या शनिवारी सकाळी हेडमास्तरांनी माझ्या मित्राला बोलावून घेतले. तो बाहेर आला तेव्हा मी दाराशीच उभा होतो.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या संघाला मी ओळखत नाही. सभेनं काय ठरवायचं ते ठरवावं. पण नादारीवाल्या मुलानं हरताळाला हात वर केला असं माझ्या कानावर आलं, तर नादारी चालू ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

"मग तुला काय भीती? तुला मत कुठं आहे?"

"तेच तर," तो म्हणाला. पण पुढे हसला नाही.

पडवीत गर्दी बरी झाली. दाराशी मी हजेरी घेतली. सहासष्ट. जेऊरकर बोलायला उभा राहिला. "आमी हितं शिकायला आलो की टोप्या मोजायला?" अशी त्याने सुरुवात केली. "आज टोपी काढ म्हणत्यात, उद्या डोकं काढून ठेव म्हणतील. ठेवायचं कुटं?" मुले हसली. विरुद्ध बाजूने वकिलाचा एक मुलगा उठला. त्याचे म्हणणे असे की परीक्षेचे फॉर्म शाळेच्या सहीने जातात, सही हेडमास्तरांची, आणि टोपीपायी वर्ष घालवणे मूर्खपणाचे. तेही खोटे नव्हते. मला स्वतःला जेऊरकराचे पटले होते. टोपी घालून भूमिती बिघडत नाही, एवढाच माझा विचार.

अध्यक्षाने मत घ्यायला सांगितले. मी पेन्सिल घेऊन उभा राहिलो. ठरावाच्या बाजूचे हात मोजले, बत्तीस. मग विरुद्ध बाजूचे मोजले. तेही बत्तीस.

"पुन्हा मोज," अध्यक्ष म्हणाला.

पुन्हा मोजले. पुन्हा तेच. तटस्थ कोणी आहे का, असे विचारले. कोणीही नाही.

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. समसमान. नियमाचा दुसरा अर्धा भाग आता सगळ्यांनाच आठवला.

"अध्यक्ष, बोला की," जेऊरकर म्हणाला. "तुमच्या बोळातलंच पोरगं हाय ते."

वकिलाचा मुलगाही म्हणाला, "मत द्यावंच लागेल. नियम आहे."

मी टेबलाशी गेलो. मित्राने मला वाकायला खुणावले आणि हळूच म्हणाला, "मी हो म्हणणार आहे. नाही म्हणून त्या टोपीवाल्याच्या दारासमोरून घरी कसा जाऊ?"

"आणि नादारी?"

"जाईल."

एवढे तो अगदी सहज म्हणाला. त्याच्या वडिलांचा माग डोळ्यांपुढे आला, आणि दुसरा, रिकामा मागही.

मला दुसरे काही सुचेना, म्हणून जे येत होते ते मी केले. बेरीज केली. बत्तीस आणि बत्तीस चौसष्ट, अध्यक्ष धरून पासष्ट. हजेरी सहासष्ट.

"थांबा," मी म्हणालो. "एक मत कमी आहे. कोणीतरी हात वर केलेला नाही."

गलका झाला. "कोण पळालं रे?" "दार लावा!" मी सगळ्यांना खाली बसवले आणि रांगेने डोकी मोजली. चौसष्ट. खुर्चीवरचा एक, पासष्ट. सहासष्टावा माणूस कुठेच नव्हता. धर्मशाळेच्या विहिरीवर कोणी पाणी प्यायला गेला असेल म्हणून एकाला पाहायला पाठवले. तो हात हलवत परत आला.

"तुमचं हजेरीचं गणित चुकलं असंल," जेऊरकर म्हणाला.

हे मला लागले. माझी मोजणी चुकत नाही, असे मी जोरात म्हणालो आणि हजेरीची नावे मोठ्याने वाचायला घेतली. प्रत्येकाने "हजर" म्हणायचे. पहिले नाव वाचले. कोणी बोलेना. पुन्हा वाचले, जरा रागाने. आणि सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली, कारण ते नाव माझे होते. दारात सर्वांत आधी मीच आलो होतो.

जेऊरकर जाजमावर आडवा पडून हसत होता. "आरं, नदी वलांडणारी धा माणसं गोष्टीत ऐकलीवती," तो म्हणाला, "आज डोळ्यांनी बघितली की! सेक्रेटरी, सोताला सोडून समद्यांना मोजलंस लेका!"

खरे सांगतो, मी मत द्यायचे मुद्दाम टाळले नव्हते. मनात ते केव्हाच देऊन झाले होते. हातात तेवढी पेन्सिल होती. वकिलाच्या मुलाने हरकत घेतली की मोजणी संपल्यावर मत देता येत नाही. त्यावर अध्यक्ष आपल्या शांत आवाजात म्हणाला, "निकाल मी अजून सांगितलेला नाही. निकाल सांगेपर्यंत मोजणी चालू असते." तसे नियमात होतेही. त्याने पुढचे नियमही शेवटी वाचले असावेत.

मी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि हात वर केला. तेहतीस विरुद्ध बत्तीस. ठराव पास. खुर्चीला मत द्यावे लागले नाही.

मित्राने निकाल वाचला. त्याने कपाळ पुसले आणि सभा संपली एवढे म्हणायचे विसरला. ते जेऊरकराने म्हटले.

सोमवारी निम्म्याहून जास्त मुले बाहेर उभी राहिली. विरुद्ध मत दिलेल्यांपैकीही बरीच होती. दुपारी हेडमास्तरांनी आम्हा दोघांना बोलावले. संघाला मी ओळखत नाही हे त्यांनी पुन्हा सांगितले, आणि मग मला विचारले, "मतं किती पडली?"

"तेहतीस आणि बत्तीस, सर."

"अध्यक्षांचं मत?"

"लागलं नाही, सर."

"नक्की?"

"मी स्वतः मोजलं आहे, सर." माझ्या शेजारी मित्राला खोकला आला.

हेडमास्तर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "बरं झालं," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. मला तेव्हा प्रथम वाटले की त्या माणसालाही हे नको होते. तो बोलून बसला होता, आणि बोललेले पाळावे लागेल याची त्याला आमच्याइतकीच धास्ती होती.

मला दोन दिवस वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा झाली. मी तसाही बाहेरच होतो. तिसऱ्या दिवशी टोपीवाला माफी न लिहिता वर्गात आला. टोपी डोक्यावर नव्हती, खिशात होती. वर्गात खिशाबद्दल कुणी विचारणार नाही, असे बहुधा ठरले असावे.

त्या सोमवारी शाळेतून मी मित्राबरोबर त्याच्या घरी गेलो होतो. बोळाच्या तोंडापासून मागाचा खटखटाट ऐकू येत होता. आम्ही दारात येताच तो थांबला. हरताळाची बातमी पेठेत पोचली होती. वडील मागाच्या खड्ड्यातून उठलेही नाहीत. धोटा हातात धरून त्यांनी विचारले, "खुर्चीनं मत दिलं काय?"

"नाही, नायना."

"नादारी?"

"आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी आत वळून मुलाच्या आईला तेलुगूत काहीतरी सांगितले आणि माग पुन्हा सुरू केला. थोड्या वेळाने आतून दोन फुलपात्रांत चहा आला. तो चहा मला अजून आठवतो, कारण शनिवारपासून माझ्या घशाखाली नीट काही उतरले नव्हते. मित्राने तर दोन वेळा मागून घेतला.

पुढच्या शनिवारी जेऊरकराने संघाच्या नियमांत भर घालायचा ठराव मांडला: मते मोजणाऱ्याने आपले मत सर्वांच्या आधी द्यावे, मग मोजायला उठावे. बोलताना त्याने पुन्हा नदी, माणसे वगैरे सगळे आणले. मित्र अध्यक्षाच्या खुर्चीत बसून तोंडावर रुमाल धरून हसत होता. मी आधी हात वर केला, मग उठून मोजायला सुरुवात केली. विरुद्ध कोणी नव्हते.