अक्काला वाचून दाखवलेला शेवट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतानाही — बघा, जीभ अडतेच आहे.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही कळस गावचे. मी एसटीनं बारामतीला कॉलेजात जायचे. घरी अंथरुणाला खिळलेली आई, वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — आणि अक्का, माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन परत आलेली. लहानपणी मला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटली. तिला वाचता येत नसे. मग कॉलेजातून आणलेल्या कादंबऱ्या मी दुपारी तिला वाचून दाखवायचे. आईचे पाय चोळत ती ऐकायची.

एक कादंबरी तिच्या फारच जिवाला लागली. कोकणातलं समुद्राकाठचं गाव, तिथं पुस्तकांचं छोटं दुकान चालवणारी विधवा, आणि काही ना काही निमित्त काढून दुकानात येणारा एक माणूस. "समुद्र म्हंजी आपल्या उजनीच्या धरणासारखाच का गं?" अक्का विचारायची. मग मान खाली घालून — "आज आला का त्यो?"

त्याच दिवसांत मारुतीरावांनी अक्काला मागणी घातली. मूळचे कऱ्हाटीचे, आमच्या गावात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचे, बायको वारलेली. आमची मोटार धड असली तरी बघून जायचे. आबा म्हणाले, "तिची मर्जी असंल तर माझी ना न्हाय." अक्का हसली — किती दिवसांनी! "पुस्तक संपू दे, मंग सांगती."

थट्टाच होती ती. होती ना? पण मी धास्तावले. ती गेली तर आईचं कोण करणार? मीच. आणि माझं कॉलेज?

शेवटचं प्रकरण मी आधी एकटीनं वाचलं. त्यात ती बाई 'हो' म्हणते. दुसऱ्या दिवशी अक्कासमोर तेच पान उघडलं आणि — वाचलंच नाही. पानावर नजर ठेवून मनचंच बोलत गेले. बाई नाही म्हणते. आपलं दुकान, आपली माणसं, यातच सुख मानते. अक्काचे हात थांबले.

"असंच लिवलंय?"

"व्हय."

"आसंल," ती म्हणाली, आणि पुन्हा पाय चोळू लागली.

पुस्तकावरून कुणी आयुष्य ठरवतं का? असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण पुढचं कसं समजावू?

चार-पाच दिवसांनी मारुतीराव दारात आले. आबा रानात, अक्का मागं गोठ्यात. "तुझ्या अक्कांचा इचार इचारायला आलतो," म्हणाले. अक्का मला काहीच बोलली नव्हती. होकार नाही, नकारही नाही — नकारही नाही!

"तिचं न्हाय म्हणणं हाय," मी म्हणाले. "परत येऊ नका म्हणली."

त्यांनी उभ्यानंच पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. महिन्याभरात मोटारदुरुस्तीचं दुकान हलवून कऱ्हाटीला परतले. आबांना वाटलं, त्यांचंच मन फिरलं. अक्कालाही तेच वाटलं. मी शिकले, लग्न करून इंदापूरला आले. तिनं आईचं केलं, मग आबांचं. अजून तिथंच आहे, एकटी.

त्या दिवशी ते गेल्यावर ती बाहेर आली. तोंड धुतलेलं, केस सारखे केलेले.

"फटफटी वाजली," रस्त्याकडं बघत म्हणाली. "मारुतीराव आलते का?"

"न्हाय," मी म्हणाले. "दुसरंच कुणीतरी गेलं."