ताईचं बटण खाली कर म्हणे!

गेल्या शुक्रवारी वडीगोद्रीला भाचीची हळद झाली. आठवडा होत आला तरी माझं डोकं शांत व्हायला तयार नाही... म्हणून लिहितोय.

मनू माझी भाची, ताईची एकुलती एक लेक. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. ताईनं शिवणकाम करून, बटईनं शेती करून पोरीला शिकवलं. लग्नाची सगळी सूत्रं मात्र दादाच्या, म्हणजे आमच्या थोरल्या भावाच्या हातात.

ताईचा गळा काय सांगू! एके काळी गल्लीत कुणाचीही हळद असो, गाणी ताईच उचलायची. भाऊजी गेले आणि तिला कुणी पुढं बसवेना. हळद बाहेर, ताई आत कढईपाशी. तोंडावर कुणी "येऊ नको" म्हणत नाही हो... फक्त बोलवत नाहीत.

मनूनं यावर डोकं चालवलं. म्हणाली, "मामा, डीजे नको, मला आईचीच गाणी पाहिजेत. ती पुढं बसणार न्हाई, मंग तुमच्या मशिनवर भरून घेऊ."

माझं मशीन म्हणजे जुना फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर. एका मित्राचा ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा घेतलेला. एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरता येतात आणि समोर प्रत्येकाचं एक सरकतं बटण असतं, फेडर. वर सरकवलं की आवाज मोठा, खाली ओढलं की गायब. मोबाईलच्या जमान्यात हे काय घेऊन बसलास म्हणून लोक हसतात... हसू देत.

ताईच्या घरी रेकॉर्डिंग केलं. ताईला एक माईक, ढोलकीला एक, बाकी बायकांना दोन. एकेकीला वेगळं बसवून गायला सांगितलं तर सगळ्या खिदळायला लागल्या... मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय त्यांना गाणंच सुचेना! शेवटी सगळ्यांना एकाच खोलीत कोंबलं. हायवे बाजूलाच, त्यामुळे एका कडव्यात ट्रकचा हॉर्नसुद्धा आलाय. पण ताई गायली बघा... इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं.

हळदीच्या आदल्या दिवशी मी मिक्सिंग करत बसलो होतो. ढोलकी जराशी खाली, ताई जराशी वर, बायका डाव्या-उजव्या बाजूला. दादा आला, मान डोलवत ऐकलं आणि अगदी सहज म्हणाला, "झ्याक झालंय. फक्त ताईचा आवाज काढून टाक. पाव्हणे ऐकतील, शुभ कामात बरं दिसत न्हाई. तुला काय, एक बटण तर खाली करायचंय."

एक बटण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं एकटीनं पोर वाढवली, तिचाच आवाज त्या पोरीच्या हळदीत अशुभ? आणि हे कोण सांगून राह्यलं, तर सख्खा भाऊ! जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी माणसानं.

ताई चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आणि म्हणाली काय, तर "करून टाक बाबा जल्दी. माझ्यापायी तमाशा नको." खरं सांगतो, त्या क्षणी मला दादापेक्षा तिचाच जास्त राग आला.

मी म्हटलं, थांबा, ऐकाच आता. खाडकन फेडर खाली ओढला... आणि ताई गेलीच नाही! बारीक झाली, पार मागच्या खोलीतून गातेय असं वाटलं, पण होती. एकाच खोलीत बसलेल्या ना सगळ्या, तिचा आवाज शेजारणींच्या माईकमध्ये शिरलेला, ढोलकीच्यासुद्धा. दादाला म्हटलं, "हिला पुरतं काढायचं तर सगळ्या सवाष्णींचं तोंड बंद करावं लागंल. करू का, बोल!" दादा चहा न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मांडवात मशीन स्पीकरला जोडलं. ताईचा फेडर मुद्दाम थेट वर. मनूला हळद लागायला लागली, गाणं सुरू झालं, जमलेल्या बायकाही सोबत म्हणायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो!

कसलं काय... ताई होती कुठं? आतच. भजी तळत, भिंतीआडून स्वतःचाच आवाज ऐकत. माणूस आत कोंडलेलं आणि आवाज तेवढा मांडवात. काय चाटायचीय असली जीत?

तेवढ्यात मनू पाटावरून उठली. हळदीतून नवरी उठते का कधी, बायका ओरडल्याच. पोरगी सरळ माझ्याकडे आली आणि हळदीच्या बोटांनी आईचाच फेडर तळाला ओढला. मी भडकलो. म्हटलं, आता तूसुद्धा?

तर ती आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाली, "आई, तुझा आवाज मी खाली केलाय. तू हितं येऊन म्हणल्याबिगर मी पाटावर बसणार न्हाई!"

ढोलकी वाजत राहिली. दादा "अगं, अगं" करत उठला, पण अंगभर हळद लागलेल्या नवरीला धरून बसवणार कोण?

ताई आली. हाताला बेसन तसंच. शेजारच्या काकू सरकल्या आणि त्यांनी हात धरून तिला खाली बसवलं. ताईनं ढोलकीच्या बराबर पुढचं कडवं उचललं. आणि बायका अशा काही गायल्या म्हणता... स्पीकर कुणाला ऐकूच येईना.

परवा दादाचा फोन आला. "झालं ते झालं, पण बरं दिसलं न्हाई." अजून तेच! नवरा गेला की बाईचा गळासुद्धा बाटतो, हे ज्यांना अजून बरोबर वाटतं त्यांच्यावरचा माझा राग जाणार नाही. जाऊही नये.

मनू, थँक्यू पोरी. मी आवाज वर करत बसलो होतो... तू बटण खाली ओढलंस, म्हणून माझी बहीण बाहेर आली.