पंचनाम्यातल्या पाच मोटारी

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. नोकरीत मी दरोडे उघडकीस आणले, खुनांचे तपास केले, दोनदा बक्षीसही घेतलं. ते सगळं नातवंडांना रंगवून सांगतो. ही गोष्ट मात्र घरात कधी काढली नाही.

साल बासष्ट-त्रेसष्ट असेल. मी अमरावतीच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. गावातले एक नामांकित वकील धाकट्या भावाला घेऊन तक्रार द्यायला आले. आठ मोटारी चोरीला गेल्या म्हणाले. ठाणे अंमलदाराच्या हातातला टाक तसाच राहिला. मग वकिलांनी बोटांनी माप दाखवलं. एकेक मोटार जेमतेम पाच बोटांची!

वकिलांना भलता छंद होता. फ्रान्समध्ये म्हणे चोवीस तास अखंड चालणारी मोटारींची शर्यत असते. त्यात धावलेल्या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती ते जमवत. खऱ्या गाडीपेक्षा त्रेचाळीसपट लहान, पण आरसे, दिवे, दारावरच्या पांढऱ्या गोलातला नंबर, सगळं जसंच्या तसं. बोटीवर नोकरीला असलेला त्यांचा मेहुणा एकेक आणून देई. काचेच्या कपाटात वीस होत्या, त्यातल्या आठ गेल्या. गेलेल्या आठांची यादी त्यांनी तक्रारीला जोडली. कुलूप शाबूत होतं.

घरातल्या सगळ्यांचे जबाब मी दिवाणखान्यात, खुर्चीवर बसून, चहा घेत घेत नोंदवले. भाऊ म्हणाला, "दर रविवारी अकोल्याच्या वर्कशॉपातला एक फिटर दादांची गाडी दुरुस्त करायला येतो. काम झालं की तासन् तास कपाटापुढे उभा असतो. दादा त्याला गाड्या हातात घेऊ देतात."

वकील लगेच म्हणाले, "छे, तो त्यातला नाही."

"साहेब, चोर नेहमी भरवशाचाच निघतो," मी शहाणपणा पाजळला.

आठवड्याभरात अकोल्याहून खबर आली. फिटरच्या वस्तीलगत चहाची टपरी चालवणारा माझा खबऱ्या होता. त्यानं निरोप धाडला की फिटरच्या घरात विलायती खेळण्यातल्या मोटारी आहेत, तो त्या कोणाला हात लावू देत नाही. मी बडनेऱ्याहून गाडी धरली, अकोल्याच्या ठाण्यात नोंद केली आणि दोन पंच घेऊन घरावर गेलो.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. छप्पन साली दीक्षा घेतलेलं कुटुंब, भिंतीवर बुद्धाची तसबीर. फळीवर पाच मोटारी ओळीनं उभ्या. हिरवी, निळी, लाल, पांढरी आणि एक चंदेरी. मी चंदेरी उचलली तशी त्याची बायको पुढं आली. "तिले हात नोका लावू साहेब, रंग ओला हाय!"

खरंच, माझ्या अंगठ्याला रंग लागला. साध्या माणसालाही कळलं असतं की चोरीच्या मोटारीचा रंग ओला कसा असेल? पण मी साधा माणूस नव्हतो ना, मी पोलीस होतो. माल ओळखू येऊ नये म्हणून वरून रंग देतो आहे, अशी माझी खात्रीच पटली. आठ गेल्या, पाच मिळाल्या, म्हणजे तीन विकल्या. हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथं जुळला. पंचनाम्यात लिहिलं, 'चोरीस गेलेल्यांपैकी पाच मोटारी मिळून आल्या'. मोटारी फडक्यात बांधल्या, लाकडी पेटीत घातल्या, दोरी आवळून लाखेची मोहोर केली. पंचांच्या सह्या झाल्या. काम चोख!

ठाण्यात आणून त्याला फरशीवर बसवलं. तिशी-पस्तिशीचा बारीक माणूस, नखांत काळं तेल.

"कोणाला विकल्या तीन?"

"साहेब, म्या चोरल्या नाई. म्या बनवल्या."

आम्ही सगळे हसलो. "नागपूरच्या पुढं गेला नाहीस कधी, आणि फ्रान्सच्या मोटारी बनवतोस?"

"वकीलसाहेबाच्या गाड्यांचं माप घेतलं. त्यांच्या विलायती मासिकातले फोटो पाह्यले. तुपाच्या डब्याचा पत्रा हाय, साहेब. पेटी खोला अन् पलटवून पाहा. खालून डब्याची छपाई दिसते."

"मग वकिलांना का नाही सांगितलंस?"

"आठ-दहा झाल्या का एकदमच नेऊन दाखवतो म्हनलं."

पेटी माझ्या टेबलापासून पाच पावलांवर, मुद्देमालाच्या कपाटात होती. पण मोहोर आता फक्त मॅजिस्ट्रेटसमोर, ओळख पटवताना फुटायची होती. मधेच फोडली असती तर उद्या बचावाचा वकील म्हणाला असता की पोलिसांनी माल बदलला. कायद्यानं माझं बरोबर होतं. तो मात्र रोज तेच एक वाक्य बोलायचा, "पेटी खोला, साहेब." मी त्याला मारलं नाही. हवालदारानं दोन थोबाडीत ठेवल्या, तेव्हा मी रजिस्टर चाळत बसलो. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

त्याची बायको अकोल्याहून आली आणि व्हरांड्यात दिवसभर उभी राहिली. मी बाहेर निघालो तशी म्हणाली, "साहेब, सात वर्सं झाले वर्कशॉपात हंगामी काम करून राहिले हे. या महिन्यात कायम होनाऱ्याइची यादी लागते. पोलिसात नाव हाय म्हनून कळलं तं काटतीन. लवकर पाहा जी."

"कायद्याप्रमाणे होईल," मी म्हणालो.

अकराव्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर पेटी उघडली. ओला रंग फडक्याला चिकटून चंदेरी मोटारीची एक बाजू सोलून निघाली होती. वकिलांनी ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही माझी कशी असेल? माझी चंदेरी घरी कपाटातच आहे. यादीत बघा."

मी यादी पाहिली. चंदेरी तिच्यात नव्हती. अकरा दिवस यादी माझ्या फायलीत होती आणि मी फक्त आकडा मोजला होता.

वकिलांनी मोटार पालथी केली. तळाला तुपाच्या डब्याची हिरवी-पिवळी छपाई. मग त्यांनी नखानं तिचं इवलंसं दार ओढलं, आणि ते उघडलं. आत स्टीअरिंगचं चाक होतं. ते फिरवलं तशी पुढची चाकं वळली. "माझ्या एकाही गाडीचं दार उघडत नाही हो," ते म्हणाले. मला तर कोणीतरी चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं.

कुलूप शाबूत होतं म्हणजे किल्ली घरातलीच, हे मला आता कुठं सुचलं. त्या दुपारी मी वकिलांच्या भावाला ठाण्यात बोलावून उभं केलं. पंधरा मिनिटांत तो फुटला. एका शौकीन मित्राला त्यानं आठही मोटारी परस्पर देऊन टाकल्या होत्या. घरचा मामला म्हणून कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. त्याला कोणी फरशीवर बसवलं नाही.

मोटारी परत द्यायला मी स्वतः अकोल्याला गेलो. वकीलही आले. कायम होणाऱ्यांची यादी दोन दिवसांपूर्वीच लागली होती. त्याच्या नावावर रेघ होती आणि वर्कशॉपनं त्याला कामावरूनही कमी केलं होतं. वकिलांनी हात जोडले. म्हणाले, "या पाचही माझ्या कपाटात मधोमध ठेवू दे. खाली तुझं नाव लिहीन."

त्यानं चंदेरी मोटारीच्या सोललेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तुमच्या घरी ठेवल्या तं लोक म्हनतीन, पाहा, चोरीचा माल जागेवर गेला. माह्या घरी ठेवल्या तं म्हनतीन, चोरीचा माल अजून घरातच हाय. कोठी ठेवू सांगा?"

वकिलांनी जोडलेले हात खाली घेतले. मग तो माझ्याकडं वळला. "साहेब, तुमीच एका कागदावर लिहून द्या. या पाच मोटारी यानं सोताच्या हातानं बनवल्या, एवढंच. वस्तीत दाखवतो, वर्कशॉपात दाखवतो."

मी म्हणालो, "तसा दाखला द्यायची पद्धत नाही." कोर्टाच्या हुकमाची नक्कल मिळेल, अर्ज कर, असंही वर सांगितलं. पोचपावतीवर त्याची सही घेतली आणि निघालो. त्यानं पुन्हा मोटार केली नाही, असं पुढं कळलं.

तपासात घाई करू नये, पाहुण्यासारखी खुर्ची एकाला आणि फरशी दुसऱ्याला देऊ नये, हे मी पुढं नव्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगितलं. पण त्याचा त्याला काय उपयोग? आयुष्यभर कागद काळे केले मी, त्या दोन ओळींनी माझं काय बिघडलं असतं?

गेल्या वर्षी त्याच्या मुलीला शोधून काढलं. तो आता नाही. आता तरी त्याच्या नावानिशी सगळं छापतो, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "नको काका. चोरीच्या गोष्टीत बाबांचं नाव पुन्हा नको."

त्या पाचही मोटारी त्यानं स्वतःच्या हातानं केल्या होत्या. मी लिहून देतो. कोणी, ते मात्र आता लिहिता येत नाही.