धरणावरचा पहारा मी उठवला तेव्हा

बांगलादेशातून आपली फौज परत आली आणि घातपाताच्या भीतीनं मुळा धरणावर बसवलेला पहारा मी उठवला. या चुकीचा धनी मी एकटाच. मी तेव्हा नवा फौजदार होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. चहा घेताना जमादारांनाही समजावलं, "आपली माणसं परक्या मुलखातून निघाली. आता इथे घातपात कोण कशाला करील?"

जमादार माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "साहेब, लोकांचा राग काय फौजेच्या ट्रकात बसून परत येतो व्हय?"

आठव्या दिवशी खबर आली, धरणाच्या भिंतीपाशी स्फोट! धावलो. जिलेटिनच्या कांड्यांची पिशवी घेतलेला एक इसम हाती लागला. पंचनाम्यात मी स्वहस्ते लिहिलं, 'पिशवीस चकचकीत रासायनिक पदार्थ चिकटलेला.'

"कुठून आलास?"

"वांबोरीहून."

"कुणी पाठवलं?"

चौकशीत कळलं, विहिरींना सुरुंग लावणारा मजूर तो, कांड्या जवळ असणारच. पण धरणावर कशाला? घातपाताचं कलम ऐकवलं, जन्मठेप ऐकवली. घाम फुटला, तोंड फुटेना. त्याला नगरला पाठवायचे कागदही मी तयार केले.

जमादारांनी पिशवी उचलून नुसती हुंगली. "साहेब, हे रसायन कालवणात लई चांगलं लागतं. माशाचे खवले हायेत."

गड्यानं माझे पायच धरले. "सुरुंगानं मासे मारले साहेब. कंचं बी कलम लावा, पन घरी कळवू नका. बायको माळकरी हाय!"

नवऱ्याला पकडल्याचं ऐकून बायको भाकरी घेऊन ठाण्याच्या दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

घातपाताचे कागद मी फाडले, मासे मारल्याचा गुन्हा तेवढा नोंदवला आणि पहारा त्याच दिवशी पुन्हा बसवला. परक्या लढाईतून माघारी येणं चांगलंच, आपली पोरं घरी येतात. पण आपण लढाई संपवली म्हणून समोरच्यानंही संपवली, हे मी कुणाला विचारून ठरवलं होतं? मासे मारणारा जिथे सहज पोचला, तिथे भिंत उडवणाराही पोचला असता. फौज कुठेही असो, आपलं दार आपणच राखायचं असतं.

बाईनं मात्र एकच विचारलं, "धरणावर पोलीस असायचा, त्यानं कसं न्हाई अडवलं?"

जमादारांनी खरं ते सांगून टाकलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग माझ्याच मानसाला का कोंडलंय? ह्या सायबालाबी घाला की आत!"