जिन्यापासून दीड फरशीवर

आधीच सांगतो, माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि अजूनही पूर्ण बसलेला नाही. मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. बावीस वर्षं मोजमापाचं काम. आमच्या वहीत शेवटचा रकाना 'कारण' असा असतो आणि तो रिकामा सोडून सही करायची नाही, हा नियम मी स्वतःच नव्या लोकांना शिकवतो. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण जसं घडलं तसंच लिहितो. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणार नाही.

आमचं घर मानेवाड्याच्या पुढे, बेसा रोडच्या आतल्या बाजूला. घरात मी, बायको वैशाली आणि कुत्री. स्वतःची चार – सोनी, भुऱ्या, चिंगी, टायगर. चारही रस्त्यावरचीच. शिवाय फॉस्टरची, म्हणजे कुणाला गाडीने उडवलेलं, कुणाला मालकाने सोडून दिलेलं. ते बरं होऊन माणसात येईपर्यंत आमच्याकडे राहतं, मग चांगलं घर बघून दत्तक द्यायचं. फॉस्टरला आम्ही नाव ठेवत नाही. नाव ठेवलं की देववत नाही, हा वैशालीचा अनुभव. मी वहीत नंबर टाकतो. वजन, औषध, किती खाल्लं, सगळं त्या नंबरापुढे.

सव्वीस फॉस्टर आमच्याकडून गेले. श्रेय आम्हाला मिळतं, पण खरं काम सोनीचं होतं. नवीन आलेलं घाबरलेलं कुत्रं हमखास हॉलमधल्या जिन्याखाली जाऊन बसतं. सोनी मग जिन्यापासून दीड फरशी सोडून, म्हणजे साधारण तीन फुटांवर, जाऊन पडायची. नेहमी त्याच्याकडे पाठ करून. बघायची नाही, हुंगायची नाही, नुसती पडून राहायची. स्वतःचं भांडं तिथेच मागून घ्यायची, थोडं खायची आणि उरलेलं नाकाने मागे जिन्याकडे ढकलायची. तिची ही ड्यूटी चालू असताना कुणी जवळून गेलं तर गुरगुरायची. त्यामुळे बाकीचे तिघं स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात जाताना तेवढा भाग सोडून, चपलांच्या रॅकला अंग घासत जायचे.

सोनी नोव्हेंबरच्या शेवटी गेली. चौदा वर्षांची होती, दात नव्हते, किडन्या थकल्या होत्या. आम्ही ठरवलं, आता फॉस्टर बंद. तिच्याशिवाय जमणार नाही.

नऊ दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी, दीक्षा दारात उभी. ही मुलगी आमच्या भागातली जखमी कुत्री उचलते. हातात पोतं, पोत्यात एक पिवळट मादी.

"काका, फक्त आठ दिवस. माझ्याकडे आधीच नऊ झाले, घरमालक रोज ओरडून राहिला."

"दीक्षा, आम्ही बंद केलंय. तुला सांगितलं होतं ना?"

"हिलेही सांगा मग तसं," तिने पोत्याचं तोंड माझ्याकडे केलं.

गळ्यात तार रुतून जखम झालेली. कुणीतरी बांधून ठेवलं होतं आणि विसरलं होतं. वैशालीने पोतं आत घेतलं. सत्तावीस नंबर. वजन नऊ किलो चारशे, असायला हवं होतं चौदाच्या आसपास.

ती जिन्याखाली गेली ती बाहेर आली नाही. पाणी जेमतेम. खाणं शून्य. चिकन ठेवलं, दूधपोळी ठेवली, पातळ खिचडी ठेवली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार... वहीत खाण्याच्या रकान्यात चार शून्यं. डॉक्टर रोज घरी येऊन सलाईन लावत होते. शनिवारी म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत स्वतःहून खाल्लं नाही तर नळी टाकावी लागेल. पण हिच्यात तेवढी ताकद दिसत नाही मला. तयारी ठेवा."

ते गेल्यावर वैशाली म्हणाली, "सोनी असती तर..."

गुरुवारपासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि मी ती वहीत लिहिलीही होती. सोनी गेल्यावर बाकीचे तिघं हॉलमधून सरळ जायला लागले होते. आता पुन्हा रॅकला घासत वळसा घेत होते. नवीन कुत्रीला बिचकत असतील, असं मी 'कारण' टाकलं. ते मला पटलंही होतं.

रविवारी सकाळी शेवंताबाई आली. ती आमच्याकडे झाडू-फरशी करते. धानाच्या कापणीसाठी महिनाभर कुहीकडे गावी गेली होती. फोन तिच्याकडे नसतो. सोनी आजारी पडायच्याही आधी ती गेली होती आणि त्या सकाळी थेट कामालाच लागली. सत्तावीस नंबर तिने पाहिली, "आली वाटते नवी पाव्हणी," एवढंच म्हणाली आणि फरशी पुसायला बसली. मी सोफ्यावर पेपर वाचत होतो.

"वहिनी, सोनी आत्ताच उठून गेली वाटते इथून," ती म्हणाली. "फरशी गरम लागून राहिली अजून."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"काहीच्या काही बोलू नको शेवंता," वैशाली दारात येऊन म्हणाली. "सोनी गेली. पंधरवडा होत आला."

"काहून मजाक करता वहिनी? हे पाहा ना, बाकी फरशी ओली, एवढीच सुकून राहिली. भाऊ, तुम्हीच हात लावून पाहा गा!"

मी उठलो. जिन्यापासून दीड फरशी. हात लावला आणि लगेच काढला. मग मी तेच केलं जे कारखान्यात केलं असतं – कपाटातून कोरोनाच्या वेळचं, कपाळापुढे धरायचं थर्मामीटर काढलं आणि वस्तूचं तापमान घ्यायच्या मोडवर टाकलं. हॉलमध्ये सहा ठिकाणी मोजलं. पाच ठिकाणी एकोणीस-वीस. त्या जागी एकतीस. गरम भाग लांबट होता, एका टोकाला रुंद. मी खडूने त्याची कड आखली. कशाचा आकार झाला हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

तुम्ही जे विचाराल ते मीही विचारलं. ऊन? ती भिंत उत्तरेची, तिथे डिसेंबरात ऊन येतच नाही. खालून पाइप? घर मी स्वतः बांधून घेतलंय, तिथून काही जात नाही. भुऱ्या, चिंगी, टायगर? तिघंही साडेसहापासून मागच्या अंगणात, दाराला कडी. सत्तावीस स्वतः येऊन पडली असेल? ती रात्री पाण्यासाठी बाहेर येते का हे कळावं म्हणून मी रोज जिन्याच्या तोंडाशी रांगोळीची बारीक रेघ ओढत होतो. रेघ जशीच्या तशी होती.

शेवंताबाईने पदर सावरला, फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि ती जागा सोडून पुढे पुसायला लागली.

नऊ वाजता कुत्र्यांचं खाणं. भांडी मीच भरतो, प्रत्येकाचं मोजून. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भरून झाल्यावर पाहिलं तर ओट्यावर पाच भांडी. चार हवी होती – तिघांची आणि सत्तावीसची. पाचव्यात भात आणि उकडलेली अंडी कोमट पाण्यात पार लगदा करून कालवलेली. दात नसलेल्या कुत्र्याचं खाणं. दीड वर्ष रोज दोनदा करत होतो, हातांनी आपोआप केलं होतं. बावीस वर्षांत मोजणीत माझी अशी चूक झालेली नाही.

मी ते परत पातेल्यात ओतायला निघालो.

"असू द्या," वैशाली म्हणाली. "तिच्या जागेवर ठेवा."

"अगं, तिघं एका मिनिटात साफ करतील."

"करू द्या हो. ठेवा तुम्ही."

मी खडूच्या आकाराच्या मधोमध भांडं ठेवलं. अंगणाचं दार उघडलं. तिघं आत आले, रॅकला घासत वळसा घेतला, आपापल्या भांड्यांशी गेले. टायगर आमचा इतका हावरट की पिशवीतला कच्चा बटाटाही सोडत नाही. त्याने आपलं संपवलं, मधल्या भांड्याकडे पाहिलं... आणि कान पाडून जागेवर बसला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलं. मी आणि वैशाली दोघंही तेव्हा टायगरकडे बघत होतो. स्टील फरशीवरून सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर भांडं खडूच्या बाहेर, जिन्याला लागून होतं. रांगोळीची रेघ मोडली होती ती भांड्याने, बाहेरून आत.

काळोखातून एक पिवळट तोंड पुढे आलं. ती खायला लागली. हळू, थांबत थांबत. भांडं चाटूनपुसून झाल्यावर ती पोटावर सरपटत बाहेर आली आणि खडूच्या रेघेला लागून, रेघ न ओलांडता, अंगाचं मुटकुळं करून झोपली. वैशाली स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी वहीत लिहिलं – साडेतीनशे ग्रॅम, पूर्ण.

तोंडात जखम असेल, म्हणून लगदाच खाता आला, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. ती वाचली हे त्यामुळे असेल. पण मी पातळ खिचडीही ठेवली होतीच की.

सोमवारी त्या जागेचं तापमान मोजलं, एकोणीस. तिघं पुन्हा सरळ जायला लागले. मी महिनाभर रोज मोजत राहिलो. काही नाही.

फेब्रुवारीत सत्तावीसला बघायला खाप्याहून एक कुटुंब आलं. चांगली माणसं होती, मोठं अंगण होतं. फॉर्म मी भरून ठेवला होता. नेमकं त्याच सकाळी दीक्षा अठ्ठावीस नंबर देऊन गेली होती, मोटरसायकलखाली आलेलं पिल्लू. ते जिन्याखाली जाऊन थरथरत बसलं. पाहुण्यांसमोर चहा आला तेव्हा सत्तावीस उठली, हॉल ओलांडून गेली, आणि जिन्यापासून दीड फरशीवर, पिल्लाकडे पाठ करून पडली.

तिने सोनीला कधी पाहिलं नव्हतं.

"हिचं नाव काय?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

मी नाव ठेवलेलं नाही असं सांगणार, तेवढ्यात वैशाली म्हणाली, "ठमी." मग माझ्याकडे न बघता, "माफ करा, तुम्हाला लांबून यावं लागलं. पण हिला आता देता यायचं नाही."

मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. भुऱ्या, चिंगी, टायगर अंगणात निघाले होते. तिघांनीही रॅकला अंग घासत वळसा घेतला.

पाहुणे गेल्यावर ठमी पाणी प्यायला उठली तेव्हा मी जाऊन ती जागा मोजली. एकतीस. या वेळी 'कारण' लिहिता आलं – कुत्री झोपली होती. वहीत डिसेंबरच्या त्या रविवारापुढचा रकाना मात्र मी रिकामाच ठेवलाय. खाली सही केली आहे.